विहिरींतील पिंपळ कुंडींत आणावा

पवनीचा जुना कोट असो वा भंडाऱ्याकडील शेतांतली बांधीव विहीर, पांखरांनीं टाकलेल्या बियांतून चिऱ्यांच्या फटींत पिंपळ, पाखर उगवतातच. पिंपळास कुऱ्हाड लावण्यास कोणी धजत नाहीं, आणि मूळ जाडावलें कीं बांधकाम फुटतें. आपल्या विहिरींतील रोप बोटाएवढें आहे तोंच पहिल्या पावसांत काढून कुंडींत लावावें, असें आमचें स्पष्ट मत आहे. थोडीं मुळें तुटलीं तरी तें जगतें.

भिंतींतून तें खालीं झुकलेलें असतें, हा दोष नव्हे. कड्यावरून लोंबणाऱ्या झाडाचें हें रूप जपानी माळी मुद्दाम घडवितात व त्यास ‘केंगाई’ म्हणतात. खोडास तारेचे तिरपे वेढे देऊन तें हळूहळू वांकवावें. शेंडा कुंडीच्या तळाखालीं उतरला पाहिजे. झाडाचा जोर मात्र वर धांवतो, म्हणून वरचे कोंब खुडावे व खालचा शेंडा राखावा. पावसाळ्यांत खोड फुगून तार सालींत रुतूं लागते. ती उलगडूं नये, तुकडे करून काढावी. कुंडी उंच व जड घ्यावी. उथळ ताटलींत मे महिन्यांतील ओल दुपारपर्यंतहि टिकत नाहीं.

झाड खुजें करणें हा छळ आहे, असें कांहीं सज्जन म्हणतात. विहीर ढासळल्यावर त्याच झाडाचें काय होतें, तें त्यांनीं पाहावें. पिंपळाचें पान कुंडीस मोठें दिसतें. निवड असेल तर आम्ही पाखर घेऊं.