मोडकं विमान घ्यावं का?

लहान विमानांच्या बाजारात एक जाहिरात दर काही महिन्यांनी दिसते. विमान बदलतं, गाव बदलतं, मजकूर तोच. 'सेस्ना १७२, १९७८ सालचं मॉडेल, पुढच्या चाकाला इजा, प्रॉपेलर वाकलेला, बाकी उत्तम स्थितीत.' आणि खाली किंमत. धडधाकट विमानाच्या साधारण एक तृतीयांश! ही किंमत वाचली की भल्याभल्यांच्या पोटात फुलपाखरं उडायला लागतात.

सध्या ती माझ्या एका मित्राच्या पोटात उडतायत. मूळचा सांगलीचा, तीसेक वर्षं अमेरिकेत, आता निवृत्तीला आलेला. खाजगी वैमानिकाचा परवाना चाळिशीत काढला, पण स्वतःचं विमान कधी झालं नाही. त्याचं म्हणणं असं, "अरे, धड विमान मला या जन्मी परवडणार नाही. हे परवडेल. हाताला काम मिळेल, दोन वर्षांत उडवीन." वहिनींचं म्हणणं याहून पुष्कळ थोडक्यात आहे, ते इथे देत नाही.

आपल्याकडे हा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही. स्वतःचं विमान म्हटलं की डोळ्यांसमोर उद्योगपतीच येतो. अमेरिकेत सर्वांसाठी खुले असलेले विमानतळच पाचेक हजार आहेत आणि तिथे पत्र्याच्या शेडमध्ये शिक्षकांची, शेतकऱ्यांची, निवृत्त पोस्टमनची जुनी विमानं उभी असतात. सेस्ना १७२ हे त्यातलं सगळ्यात ओळखीचं. १९५६ पासून आजवर चव्वेचाळीस हजारांच्या वर बनली. १९८६ साली उत्पादन थांबलं, नुकसानभरपाईच्या खटल्यांना मर्यादा घालणारा कायदा १९९४ साली झाला आणि मग १९९६ मध्ये ते पुन्हा सुरू झालं. म्हणजे बाजारात जे परवडण्यासारखं असतं ते बहुतेक चाळिशी ओलांडलेलं. मोडकं असो वा धड, विमान जुनं असणारच, हे आधी लक्षात घ्यायला हवं.

आता 'पुढच्या चाकाला इजा' म्हणजे काय? नवशिक्या वैमानिक जरा जास्त वेगात उतरतो, विमान पुढच्या चाकावर आपटून उसळतं, तो घाबरून नाक खाली दाबतो, पुन्हा उसळी. दुसऱ्या-तिसऱ्या आपटीला चाकाचा दांडा मागे रेटला जातो. या विमानात तो दांडा फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या पडद्याला जोडलेला असतो. पडद्याला सुरकुत्या पडतात. नाक खाली गेलं की फिरता प्रॉपेलर धावपट्टीला लागतो. बाहेरून दिसतं ते वाकलेलं पातं. पण तो झटका पात्यातून क्रँकशाफ्टमध्ये आणि तिथून मागच्या गिअरपर्यंत गेलेला असतो. हा गिअर एका बोल्टवर आणि एका छोट्या खुंटीवर बसलेला असतो. तो निसटला तर इंजिन हवेत बंद पडतं. म्हणूनच लायकमिंग इंजिनांसाठी अमेरिकेच्या हवाई खात्याने, एफएएने, २००४ साली सक्तीचा आदेश काढला: प्रॉपेलर आपटला असेल तर हा गिअर, खुंटी आणि बोल्टची जागा तपासल्याशिवाय उड्डाण नाही. इंजिन कंपनीचा सल्ला त्याहून कडक आहे, पूर्ण इंजिन उघडा.

आणि इंजिन एकदा उघडलं की ते 'फक्त तपासून' बंद होत नाही. १९७८ च्या मॉडेलमधल्या इंजिनाची तर कॅमशाफ्ट आणि टॅपेट झिजण्याबद्दल ख्याती आहे, त्याच्या तेलात कंपनीचं खास मिश्रण घालावं लागतं. उघडल्यावर झीज दिसली की ती दिसलीच. मेकॅनिक डोळे मिटून ते परत जोडणार नाही, जोडूही नये.

हिशेब मांडून पाहू. आकडे समजुतीपुरते. धड विमान नव्वद हजार डॉलरला, हे मोडकं तीस हजारांना. साठ हजार वाचले असं मन लगेच म्हणतं. त्यातून प्रॉपेलर, इंजिनाची उघडझाप, फायरवॉल, इंजिनाचा सांगाडा, चाकाचा दांडा, मजुरी वजा करा. पंख उतरवून ट्रेलरवरून आणायचं भाडं वजा करा. दोन वर्षांचं हँगरचं भाडं आणि विमा वजा करा. पन्नास हजार कुठे गेले कळत नाही. उरले दहा. विकायला काढाल तेव्हा 'अपघातग्रस्त' हा शिक्का ते दहाही घेऊन जातो. थोडक्यात, पैसे वाचवण्यासाठी मोडकं विमान घेऊ नये, कारण ते बहुधा वाचत नाहीत. ते वाचतात अशा माणसाचे, जो स्वतः परवानाधारक मेकॅनिक आहे आणि आपल्या रविवारांची किंमत लावत नाही.

मात्र सगळी मोडकी विमानं सारखी नसतात, हे विसरून चालणार नाही. २०२२ च्या सप्टेंबरात इयन चक्रीवादळ येत होतं तेव्हा दक्षिण फ्लोरिडात नॉर्थ पेरी नावाच्या लहान विमानतळावर वावटळ शिरली आणि उभी विमानं एकमेकांवर फेकली गेली. अशा विमानाचा पंख मोडला असेल, पण इंजिन बंद होतं. पंख दुसरा मिळतो. या विमानाच्या तर पंखाच्या मागच्या जोडाला थोडी फिरवता येणारी बुशिंग असतात, त्यावरून पंखाचा कोन जुळवता येतो. गारांनी पोचे आले तर विमान विद्रूप दिसतं, पण कित्येक वर्षं उडू शकतं. उलट खाऱ्या पाण्यात बुडालेलं विमान धुऊन पुसून चकचकीत दिसतं आणि पत्र्यांच्या जोडांत, रिव्हेटांच्या माथ्याखाली मीठ आपलं काम करत राहतं. डोळ्यांना दिसणारी मोडतोड ही बहुतेक वेळा प्रामाणिक असते. न दिसणारीची भीती बाळगावी.

विम्याचा एक बारकावाही इथे समजून घेण्यासारखा आहे. विमानाचा विमा ठरलेल्या रकमेचा असतो. मालकाने दहा वर्षांपूर्वी चाळीस हजारांचा काढला आणि नंतर बाजार चढला, पण रक्कम वाढवली नाही, तर पस्तीस हजारांच्या दुरुस्तीलाही कंपनी 'निकालात' म्हणते, मालकाला चाळीस देते आणि सांगाडा बोली लावून विकते. म्हणजे 'विमा कंपनीने टाकलं' याचा अर्थ 'विमान वाया गेलं' असा होतोच असं नाही. खरे सौदे कधी सापडलेच तर इथे सापडतात. पण त्यासाठी विमान का टाकलं हे खोदून विचारावं लागतं.

विचारायचं कुणाला? माणसांपेक्षा कागदांना. मोटार घेताना आपण टायर लाथाडतो, विमान घेताना वह्या वाचायच्या असतात. प्रत्येक विमानाच्या, इंजिनाच्या, प्रॉपेलरच्या नोंदवह्या असतात. मोठी दुरुस्ती झाली की '३३७' क्रमांकाचा अर्ज भरला जातो आणि त्याची प्रत ओक्लाहोमा सिटीत एफएएच्या दप्तरात जाते. नाममात्र शुल्कात कुणीही ती मागवू शकतो. वही आणि दप्तर यांचा मेळ बसला नाही तर तिथेच थांबावं. माझं स्पष्ट मत आहे की दोनदा आपटलेलं आणि दोन्ही वेळा नीट नोंद करून दुरुस्त केलेलं विमान मला चालेल, पण चाळीस वर्षं शिकाऊ पोरांच्या हाताखाली राहून वहीत एकही ओरखडा नसलेलं विमान चालणार नाही. इतकं सुखी आयुष्य कुणाचंच नसतं हो!

इथवर पैसे झाले, कागद झाले. मित्राला मी जे खरं सांगितलं ते वेगळंच आहे. तो एकसष्ट वर्षांचा आहे. परवानाधारक मेकॅनिकच्या देखरेखीखाली मालकाला स्वतः काम करता येतं, हे खरं. पण देखरेख करणारा, शेवटी सही करणारा माणूस आधी मिळायला हवा, आणि त्याच्या सवडीने चालावं लागतं. दोन वर्षं म्हणता म्हणता चार होतात. एखादा भाग आठ महिने येत नाही. तोवर विमान हँगरमध्ये आतडी बाहेर काढल्यासारखं पडलेलं, आणि वैमानिक? उडवणं हे हातात असतं आणि हात विसरतात. नव्वद दिवसांत तीन उड्डाणं-उतरणं झाली नाहीत तर कुणाला शेजारी बसवायची मुभा नसते, तो नियम उगाच केलेला नाही. विमान दुरुस्त होईल त्या दिवशी, चाळीस वर्षांच्या, नुकत्याच जोडलेल्या यंत्रात, चार वर्षं न उडवलेला पासष्ट वर्षांचा माणूस बसेल. यातल्या एकेका गोष्टीची मला भीती वाटत नाही. तिन्ही एकत्र आल्या की वाटते. आणि पहिल्या फेरीनंतर शेजारच्या खुर्चीत वहिनी बसणार आहेत.

मग अशी विमानं कुणी घ्यायचीच नाहीत? घ्यायची की. ज्याला जोडण्यातच आनंद आहे त्याने जरूर घ्यावीत. जगात असे लोक आहेत आणि त्यांच्याविषयी मला नितांत आदर आहे. हौशी विमानबांधणीवाल्यांची अमेरिकेतली संघटना १९५३ पासून चालू आहे. आपल्या कांदिवलीत कॅप्टन अमोल यादव यांनी इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं, २०१६ च्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ते मुंबईकरांनी पाहिलं. अशा माणसाला 'एवढ्या पैशांत तयार विकत मिळालं असतं' असं सांगणं म्हणजे दिवाळीचा फराळ घरी करणाऱ्या आजीला दुकानाचा पत्ता देण्यासारखं आहे. पण त्यांना बांधायचं असतं. माझ्या मित्राला उडायचं आहे. ही दोन वेगळी वेडं आहेत, आणि जाहिरात एका वेडाच्या माणसाला दुसरं वेड विकते.

म्हणून माझा सल्ला साधा आहे. ज्या वेडासाठी घ्यायचं ते आधी ओळखा. दुरुस्तीची हौस असेल तर विक्रेत्याशी लागेबांधे नसलेल्या मेकॅनिकला एक दिवसाचे पैसे देऊन विमान दाखवा, दप्तर मागवा, आलेल्या अंदाजाच्या दीडपट रक्कम बाजूला ठेवता येत असेल तर पुढे जा. उडायची हौस असेल तर उडणाऱ्या विमानात चौथा हिस्सा घ्या आणि या शनिवारी उडा.

मित्राने अजून उत्तर दिलेलं नाही. जाहिरातीचा कागद मात्र त्याच्या फ्रिजवर अजून लावलेला आहे, आणि शेजारी, वहिनींच्या अक्षरात, एका फ्लाइंग क्लबचा फोन नंबर.