दुर्बिणीची शस्त्रक्रिया आणि आपली चिठ्ठी



आपल्या परिषदांमध्ये उदरातील दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचा विषय निघाला, की कोणी ना कोणी वक्ता सुश्रुताचार्यांना लॅपरोस्कोपीचे आद्य जनक ठरवितो आणि सभागृहात टाळ्या पडतात. प्रस्तुत लेखकानेही अशा टाळ्या वाजविल्या आहेत. सोलापुरात तीस वर्षे चिकित्सा केल्यानंतर मात्र त्या टाळ्यांचा हिशेब एकदा मांडावासा वाटतो.

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातील चौदाव्या अध्यायात दकोदराचे जे कर्म वर्णिले आहे, ते आजही थक्क करते. नाभीच्या खाली डाव्या अंगास, रोमराजीपासून चार अंगुळे सोडून व्रीहिमुख शस्त्राने वेध घ्यावा. दोन्ही तोंडे उघडी असलेली नळी त्यातून आत सारावी आणि जल काढावे. सर्व जल एकाच दिवशी काढू नये, कारण त्यामुळे तृष्णा, ज्वर, अंगमर्द, अतिसार, श्वास यांसारखे उपद्रव होतात. काही दिवसांचे अंतर ठेवून थोडे थोडे काढावे. नंतर लोकर, रेशीम वा चर्म यांनी उदर घट्ट वेष्टावे, म्हणजे वायू त्यास फुगवीत नाही. टोकदार शस्त्राने वेध व त्याच वाटेने नळी हे आजच्या ट्रोकारचे तत्त्व होय. जल एकदम काढल्यास रक्तदाब कोसळू शकतो, ही आजच्या वैद्यकाचीही शिकवण आहे. एवढे निश्चितपणे आपले आहे आणि ते अभिमानाने सांगावे.

परंतु नळीतून जल बाहेर काढणे आणि नळीतून दृष्टी आत नेणे, यांत फार मोठे अंतर आहे. भिंगे, थंड प्रकाश, भूल आणि उदरात भरावयाचा कार्बन डायऑक्साइड वायू यांनी ते अंतर तोडले, आणि तेही अगदी अलीकडे. जर्मनीतील एरिश म्यूहे यांनी १९८५ साली दुर्बिणीच्या साहाय्याने पित्ताशय काढले, तेव्हा त्यांच्याच देशातील शल्यविशारदांनी त्यांची उपेक्षा केली. आपल्याकडे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहम्टन उडवाडिया १९७२ पासून निदानासाठी उदरात दुर्बीण घालीत होते. १९९० साली त्यांनी भारतातील पहिली दुर्बिणीची पित्ताशय-शस्त्रक्रिया केली. २०२३ साली ते निवर्तले. हे तंत्र श्रीमंतांची चैन नसून ज्याचे पोट रोजच्या मजुरीवर चालते त्याच्यासाठीच ते अधिक आवश्यक आहे, हे त्यांचे आग्रहाचे प्रतिपादन होते. सोलापुरातील वैद्याला ते पटवून द्यावे लागत नाही. आपल्या पूर्व भागात मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळणाऱ्या स्त्रीला बरगडीखालचा मोठा छेद म्हणजे महिना-दीड महिन्याची मजुरी बुडणे. चार लहान छिद्रांनंतर तीच स्त्री बहुधा आठवड्या-दोन आठवड्यांत पुन्हा सुपापाशी बसते.

अशीच एक विडी कामगार भगिनी सुमारे पंधरा वर्षांपूर्वी माझ्याकडे आली. जेवणानंतर उजव्या कुशीत शूळ, पाठीत कळ, मळमळ. सोनोग्राफीत पित्ताशयात अनेक लहान खडे दिसले. शस्त्रक्रियेचे तिला भय होते आणि मला माझ्या औषधांचा विश्वास होता. कागदावर ‘पित्ताश्मरी’ असे निदान लिहून मी पाषाणभेद, वरुण, कुटकी अशी योजना सुरू केली. शूळ मधूनमधून शमे, मी समाधान पावे. असे सात महिने गेले. आठव्या महिन्यात एका पहाटे तिचे नातलग तिला घेऊन आले, तेव्हा डोळे पिवळे, अंगात थंडी वाजून ज्वर आणि शूळ पाठीत आरपार. एक खडा पित्तनलिकेत उतरून अडकला होता आणि स्वादुपिंडास शोथ आला होता. तिला रुग्णालयात जवळजवळ महिना काढावा लागला. आधी तोंडावाटे दुर्बीण घालून नलिकेतील खडा काढला, नंतर काही आठवड्यांनी पित्ताशय. ती वाचली, पण घरातील होते-नव्हते ते दागिने गेले आणि मुलीची शाळा सुटली. बरी झाल्यावर ती मला भेटावयास आली. तिने एवढेच विचारले, “डॉक्टर, आधी का नाही पाठवलं?”

या प्रश्नाने मला पुन्हा ग्रंथाकडे नेले. सुश्रुताचार्यांनी निदानस्थानात ‘पित्ताश्मरी’ सांगितली आहे, हे खरे. पण ती बस्तीतील, म्हणजे मूत्राश्मरीचाच पित्तज प्रकार आहे, भिलाव्याच्या बीसारखी दिसणारी. पित्ताशयातील खड्यांचा तिच्याशी काहीही संबंध नाही. आपण शब्द उचलला आणि त्याच्या पाठोपाठ मूत्राश्मरीची औषधेही उचलली. नाव जुने म्हणून उपचार सिद्ध, असे मनाने परस्पर ठरवून टाकले. मूत्रमार्गातील लहान खडा मूत्रावाटे वाहून जातो. पित्ताशयातील लहान खडा निसटला, तर त्याची वाट अरुंद पित्तनलिकेतून, स्वादुपिंडाच्या मुखाशेजारून जाते. म्हणून लहान खडे पुष्कळदा मोठ्यांपेक्षा घातक ठरतात. जो खडा काही लक्षण देत नाही, दुसऱ्या कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत सहज दिसतो, त्याला बहुतेक वेळा शस्त्रक्रिया लागत नाही, आणि हे रुग्णाला सांगून त्याचे भय दूर करणे हेही आपलेच काम आहे. पण शूळ देणाऱ्या खड्यावर महिनोन्‌महिने काढे देत राहणे मला आता मान्य नाही. ज्या आचार्यांचा आपण दाखला देतो, त्यांनीही अश्मरीत औषधाचा काळ कोवळ्या अवस्थेपुरताच ठेवला. वाढलेली अश्मरी शस्त्रसाध्य मानली, आणि तेथेही जीविताचा संशय आहे हे आधी सांगून, अनुज्ञा घेऊनच हात घालावा असे बजावले.

दुर्बिणीच्या बाजूचेही सर्वच गोड नाही. या तंत्राच्या आरंभीच्या वर्षांत मुख्य पित्तनलिकेस इजा होण्याचे प्रमाण मोठ्या छेदाच्या शस्त्रक्रियेपेक्षा वाढले होते. म्हणून १९९५ साली अमेरिकेतील स्ट्रासबर्ग यांनी एक दंडक मांडला: पित्ताशयाकडे जाणाऱ्या दोनच रचना स्पष्ट दिसल्याखेरीज काहीही कापू नये. अशी इजा विरळ असते, पण झाली तर रुग्ण चौथ्या-पाचव्या दिवशी घरी असतो आणि घराजवळचा डॉक्टर म्हणून तो आपल्याकडेच येतो. पोट फुगणे, ज्वर, वाढता शूळ, डोळ्यांत पिवळेपणा यांपैकी काहीही दिसल्यास हिंग्वष्टक देऊन उद्यावर ढकलू नये. त्याच दिवशी शल्यविशारदाकडे परत पाठवावे. याउलट पहिल्या दोन-तीन दिवसांत खांदा दुखतो, तो बहुधा आत राहिलेल्या वायूमुळे. तेवढ्याने घाबरू नये. आणखी एक गोष्ट आपल्या देशात विशेष दिसते. तीन-चार आठवड्यांनी छिद्राच्या जागी गाठ येते, पाझरणारी नाडी बनते आणि नेहमीच्या प्रतिजैविकांनी ती भरत नाही. उपकरणांचे निर्जंतुकीकरण अपुरे राहिल्यास क्षयाच्या जंतूच्या जातकुळीतील जंतू तेथे वाढतात. अशा नाडीवर जात्यादि तैलाची पिचू ठेवून दोन महिने घालविणारे वैद्य मी पाहिले आहेत.

अंतःस्रावी ग्रंथींचा विषय थोडक्यात घेतो. वृक्काच्या माथ्यावरील अधिवृक्क ग्रंथी जेमतेम दोन-तीन बोटांची, पण ती काढण्यासाठी पूर्वी कुशीत वीतभर छेद घ्यावा लागे. १९९२ साली कॅनडातील मिशेल गान्ये यांनी ती दुर्बिणीतून काढण्याची पद्धत प्रसिद्ध केली. येथे लाभ निर्विवाद आहे. गळ्यातील थायरॉइड ग्रंथीचे तसे नाही. काखेतून, किंवा २०१६ पासून बँकॉकच्या अनुवोंग यांच्या पद्धतीने प्रसिद्ध झालेल्या ओठांच्या आतील मार्गाने ती काढली, तर गळ्यावर व्रण राहत नाही. विवाहयोग्य मुलींचे पालक म्हणूनच तिच्याविषयी विचारतात. त्यांना मी सांगतो, की यात व्रण लपतो. आतील काम कमी होत नाही, उलट त्वचेखाली अधिक दूरवर जावे लागते. मात्र त्याही आधीचा प्रश्न आपल्या दालनातला आहे. गळ्यातील प्रत्येक गाठीला गलगंड म्हणून कांचनार गुग्गुळ सुरू करण्यापूर्वी सोनोग्राफी, रक्ततपासणी आणि आवश्यक तेथे सुईने पेशींची तपासणी झालीच पाहिजे. स्वर बसणे व श्वासास कष्ट होणे ही गलगंडाच्या असाध्यतेची लक्षणे सुश्रुतांनीच सांगून ठेवली आहेत.

राहिला हक्काचा प्रश्न. नोव्हेंबर २०२० च्या राजपत्रात शल्य व शालाक्य पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी ५८ कर्मांची, म्हणजे ३९ अधिक १९ अशी यादी आली, ११ डिसेंबरला आधुनिक डॉक्टरांनी बंद पाळला, आणि आपण सारे यादीच्या बाजूने हिरिरीने बोललो. यादीस माझा विरोध नाही. पण दुर्बिणीची शस्त्रक्रिया यादी पाठ करून येत नाही. सपाट पडद्याकडे पाहत, लांब दांड्याच्या चिमट्याने, स्पर्शाविना गाठ मारणे यासाठी तरुण शल्यविशारद छिद्रे पाडलेल्या पेटीत तासन्‌तास सराव करतात. सूत्रस्थानातील नवव्या अध्यायात कोहळा, दुध्या, काकडीवर छेदन आणि चिखलपाण्याने भरलेल्या चामड्याच्या पिशवीवर भेदन करावयास लावणारी योग्या हीच आहे. आपल्या किती महाविद्यालयांत शल्याच्या विद्यार्थ्याच्या हातांची ही परीक्षा नियमाने होते? जेथे होत नाही, तेथे आपण हक्क मागतो आहोत पण हात तयार करीत नाही.

आपल्यापैकी बहुतेक जण शस्त्र कधीच धरणार नाहीत. आपल्या हाती चिठ्ठी आहे. जुलै २०१२ मध्ये जीवनदायी आरोग्य योजना पहिल्या टप्प्यात ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत सोलापूर होता. आज ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. कोणते कर्म कोणत्या रुग्णालयात योजनेत बसते हे बदलत असते. रुग्णाला पाठविण्यापूर्वी तेथील आरोग्यमित्राकडे चौकशी केली, तर त्याचे दागिने वाचू शकतात.

त्या भगिनीच्या प्रश्नानंतर माझ्या टेबलाच्या खणात छापील चिठ्ठ्यांचा गठ्ठा आला. लक्षणे केव्हापासून, सोनोग्राफीत काय, कावीळ झाली होती काय, आणि शेवटची ओळ चालू असलेल्या आपल्या औषधांची. ही ओळ मी कधीही रिकामी सोडत नाही, कारण रुग्ण गुग्गुळ, भस्मे, आसवे यांविषयी शस्त्रक्रिया करणाऱ्यास आपण होऊन काहीच सांगत नाहीत. गेल्या महिन्यात एका भूलतज्ज्ञांचा त्याच ओळीबद्दल दूरध्वनी आला. रुग्ण रोज लसणाच्या नेमक्या किती पाकळ्या घेतो, एवढेच त्यांना विचारावयाचे होते.