लोखंडावरचा खोटा आळ

“गाठीला लोखंड लावू नका, पसरतंय.” तोंडातली जखम भरत नाही म्हणून डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला सांगितलं, की कोल्हापूरकडच्या घरांत हा सल्ला ठरलेला. सांगणारी माणसं मायेची असतात, आणि त्यांनी पाहिलेलंही असतं: शेजारच्याचं ऑपरेशन झालं नि वर्षाच्या आत तो गेला. पण तो दवाखान्यात पोचला तेव्हाच गालातली जखम जबड्यात उतरली होती. सुरी सगळ्यांत शेवटी आली, म्हणून आळ तिच्यावर.

कॅन्सर सुरीची वाट पाहत बसत नाही. गाला-जिभेतून त्याच्या पेशी मानेतल्या ग्रंथींत शिरतात, पुष्कळदा बाहेरून गाठ हाताला लागण्याआधीच. मुंबईच्या टाटा रुग्णालयात डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी हेच पडताळलं. निष्कर्ष २०१५ साली आले. सुरुवातीच्या टप्प्यातल्या ज्या रुग्णांच्या मानेतल्या ग्रंथी पहिल्याच ऑपरेशनमध्ये काढल्या, त्यांतले ८० टक्के तीन वर्षांनी हयात होते. गाठ येईपर्यंत थांबलेल्यांत हे प्रमाण ६७.५ टक्के. ज्यांच्यावर सुरी आधी आणि जास्त चालली, तेच जास्त जगले.

या समजात खरं एवढंच, की अर्धवट कापणं घातक. मानेची गाठही आधी सुईने पेशी काढून तपासतात, थेट कापत नाहीत. पण त्यावरून योग्य डॉक्टर गाठावा असं ठरतं, घरी बसावं असं नाही.

शरद पवारांचं तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन २००४ साली झालं आणि पुढे दोन दशकं त्यांनी महाराष्ट्र पालथा घातला. एका उदाहरणाने सिद्धान्त होत नाही, मान्य. मग शेजारच्या एका मृत्यूने तरी कसा होईल?

तीन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, तीन बोटं उभी न जाण्याइतकं आखडलेलं तोंड, बसलेला आवाज, गिळताना त्रास: यातलं काहीही दिसलं तर डॉक्टरांना दाखवावं, आणि त्यांनी सांगितलं तर तुकडा तपासू द्यावा. तिरुअनंतपुरम जिल्ह्यात प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी घरोघरी नुसती तोंडं तपासली, तर तंबाखू-दारू घेणाऱ्यांमधले तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. तसं इथे करायचं तर बायकांना वगळून चालणार नाही. “तंबाखू खाता का?” असं विचारलं तर गावातली आजी ठामपणे नाही म्हणेल. तिला मिश्रीबद्दल विचारावं लागतं, कारण ती भाजलेली तंबाखूच आहे.