अभ्यासिकेतले एकटेपण

पुण्याच्या सदाशिव आणि नारायण पेठेत स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे हजारो तरुण कॉट बेसिसवर राहतात. दिवस अभ्यासिकेत जातो, जेवण मेसमध्ये होते आणि गावाकडे फोनवर ‘सगळं ठीक’ एवढेच सांगितले जाते. अनेकांच्या घरच्यांनी कर्ज काढून पैसे पाठवलेले असतात. त्यामुळे अपयशाइतकीच रिकाम्या हाताने परतण्याची लाजही जड होते. हा ताण मार्च २०२१ मध्ये रस्त्यावर दिसला. करोनामुळे राज्यसेवा पूर्वपरीक्षा पुन्हा पुढे ढकलताच विद्यार्थ्यांनी पुण्यात रास्ता रोको केला.

मदत अगदीच नाही असे नव्हे. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्राच्या ‘टेलिमानस’ सेवेत १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही समुपदेशन मिळते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याच्या उपचारांची व पुनर्वसनाची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. पण फोन लावण्याआधी कुणीतरी विचारपूस करावी लागते. झोप उडणे, जेवण टाळणे, बोलणे तुटणे हे रूममेटला, मेसच्या काकूंना, अभ्यासिकाचालकाला आधी दिसते. अशा माणसांना ही लक्षणे ओळखण्याचे प्रशिक्षण महापालिकेने द्यावे. प्रत्येक अभ्यासिकेच्या दारावर १४४१६ ठळक लिहिणे तर उद्याच शक्य आहे.