पंचनाम्याची समीक्षा

दारिद्र्यात आणि व्यसनग्रस्त घरात वाढलेल्या मुलाची कहाणी मराठीत आली की आपली समीक्षा 'दाहक' आणि 'प्रामाणिक' ही दोन विशेषणे बहाल करून मोकळी होते. ही विशेषणे गौरवाची भासतात. वस्तुतः ती वाचन टाळण्याची सोय आहे.

वर्धा जिल्ह्यात १९७४पासून दारूबंदी आहे. कायद्याच्या लेखी तेथे दारू हा मुद्देमाल, विकणारा वा पिणारा हा आरोपी. पिणाऱ्याच्या घरातील मुलाला मात्र पंचनाम्यात स्थान नाही. बापाची वाट पाहणे आणि त्याच्या येण्याची धास्ती बाळगणे या दोन्ही गोष्टी एकाच मनात कशा नांदतात, हे कोणत्याही कलमाला सांगता येत नाही, कादंबरीला येते. असे असता समीक्षेनेही किती उपास, किती मार यांची मोजदादच करीत बसावे काय?

दया पवारांचे 'बलुतं' (१९७८) पाहा. त्यातील गोदीत राबणारा, पिणारा बाप सामाजिक पुरावा म्हणून नोंदला जातो. परंतु दगडू आपली कहाणी दया पवारांना सांगतो, या दुहेरी निवेदनाचे प्रयोजन काय? लाज आणि माया एका आवाजात मावत नाहीत, म्हणून निवेदक दुभंगतो. हा रूपबंधाचा निर्णय आहे. त्याला 'प्रांजळपणा' म्हणणे हा लेखकाच्या कर्तृत्वाचा अपहार होय.

२०२०चे बुकर पारितोषिक मिळालेली डग्लस स्टुअर्ट यांची 'शगी बेन' ग्लासगोतील अशाच एका मद्यासक्त आईची व तिच्या मुलाची कथा सांगते. तिची सामग्री लेखकाच्या बालपणातून आली असली, तरी ती कादंबरीच ठरते. 'बलुतं' आत्मकथन आहे, हे मान्य. पण आत्मकथनाला रचना नसते, हे कोणी ठरविले?

रूपाची चर्चा दुःखाला सौम्य करते, असा आक्षेप घेतला जाईल. उलट, रूप नाकारले की दुःख केवळ आकडा उरते, आणि आकड्याला बोलता येत नाही. उद्या वर्ध्याच्या एखाद्या वस्तीतील मुलगी आपल्या घराची कादंबरी लिहील. तिच्याकडे साक्षीदार म्हणून पाहायचे की कलावंत म्हणून, हे आपल्या समीक्षेला आजच ठरवावे लागेल.