वेबसाइट बंद झाली, पण हवामान अहवाल वाचला, कसा?

अमेरिकेत १९९० च्या कायद्यानुसार सरकारला दर चार वर्षांनी हवामान बदलाचा राष्ट्रीय अहवाल द्यावा लागतो. पूर, उष्णता, शेती, आरोग्य यांवर देशाच्या कोणत्या भागात काय परिणाम होतोय, हे त्यातून कळतं. पाचवा अहवाल २०२३ मध्ये आला. एप्रिल २०२५ मध्ये ट्रम्प सरकारनं सहाव्या अहवालाच्या तज्ज्ञांना कामातून मुक्त केलं. जूनअखेर जुने अहवाल असलेली वेबसाइटही बंद झाली.

मग अहवाल गेले का? नाही. 'नोआ' या सरकारी सागर व हवामान संस्थेच्या ग्रंथालयाच्या डिजिटल संग्रहात त्यांच्या प्रती होत्या. मात्र आपल्या भागाला कोणता धोका आहे, हे नकाशावर सहज पाहायची सोय गेली. माहिती शिल्लक राहिली, पण सामान्य माणसापासून लांब गेली.

ग्रंथालयंही कायम सुरक्षित असतात असं नाही. २००६ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं बचतीचं कारण देत शिकागो, डॅलस, कॅन्सस सिटी इथली ग्रंथालयं बंद केली होती. संसदेनं निधी दिल्यावर २००८ मध्ये ती पुन्हा उघडली.

त्यामुळे महत्त्वाच्या माहितीची प्रत एकाहून अधिक ठिकाणी हवी.