मृत्यूची तारीख आणि त्या दिवसाची हवा

दिवाळीच्या सुमारास मुंबई-पुण्याच्या हवेची चर्चा सुरू होते आणि संक्रांत उलटली की विरून जाते. तीत धुरके असते, खोकला असतो. मृत्यू क्वचितच असतो. प्रदूषणाने माणूस वर्षानुवर्षे झिजत जातो, एवढेच आपण धरून चालतो. ते अर्धसत्य आहे.

देशातील दहा शहरांतील २००८ ते २०१९ या काळातील सुमारे ३६ लाख मृत्यूंच्या नोंदींचा अभ्यास २०२४ मध्ये ‘लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. हवेतील सूक्ष्म धूलिकणांची दोन दिवसांची सरासरी घनमीटरमागे १० मायक्रोग्रॅमने वाढली, की दैनंदिन मृत्यू १.४२ टक्क्यांनी वाढतात, असा त्याचा निष्कर्ष आहे. मुंबईत वर्षाला सुमारे ५,१०० आणि पुण्यात सुमारे १,४०० मृत्यू या खात्यावर पडतात. हे कण फुफ्फुसाच्या तळापर्यंत पोहोचतात, श्वासनलिका सुजते आणि आधीच दम्याने खंगलेला वृद्ध दोन दिवसांतच कोसळतो.

केवळ प्रदूषणानेच मृत्यू झाला हे सिद्ध करणारी निर्णायक आकडेवारी नाही, असे उत्तर संसदेत वारंवार दिले गेले आहे. एकेका रुग्णापुरते ते खरेही आहे. परंतु या आठवड्यातील शहर आणि गेल्या आठवड्यातील शहर यांत माणसे तीच असतात, त्यांच्या सवयी त्याच असतात; बदलते ती हवा. डिसेंबर १९५२ च्या धुरक्यात लंडनमध्ये हजारो माणसे दगावली, ती अशाच तुलनेतून मोजली गेली. विषय निघाला की फटाक्यांकडेच बोट दाखवण्याची आपल्याकडे फॅशन आहे. बांधकामाची धूळ आणि डिझेलचा धूर वर्षभर असतो, त्याविषयी एवढा आवेश दिसत नाही. अर्थात दमेकऱ्याच्या फुफ्फुसाला धुराचे निमित्त कळत नाही, हेही तितकेच खरे.

खरी उणीव नोंदीची आहे. या अभ्यासात सर्व आजारांचे मृत्यू एकत्र मोजले आहेत. त्यांतील श्वसनविकाराचे किती, हे सांगण्यास मृत्यूचे कारण ठाऊक हवे. २०२० मध्ये देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी केवळ २२.५ टक्के मृत्यूंचे कारण डॉक्टरांनी प्रमाणित केलेले होते.

अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेडला हे काम नवे नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तेथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प उभारला. गावानेच निवडलेल्या, बहुतांशी निरक्षर स्त्रिया आरोग्यसेविका झाल्या. कोणाच्या घरी बाळ जन्मले, कोण कशाने गेले, याची खबर त्यांना असे आणि त्यावरूनच पुढचा उपचार ठरे. महानगरांच्या पालिकांना यंत्रे, संगणक, कर्मचारी सारे उपलब्ध आहे. मृत्यूच्या दाखल्यावरील कारण आणि त्या तारखेचे हवेचे मोजमाप शेजारी-शेजारी मांडून दर आठवड्याला जाहीर करण्यास त्यांना कोणाची आडकाठी आहे? आणि जामखेडसारख्या तालुक्याच्या गावी, जेथे नगर-बीड रस्त्याची वाहतूक आणि चुलीचा धूर दोन्ही आहेत, तेथे निदान कारणाची नोंद तरी काटेकोर व्हावी. हवा मोजणारे यंत्र मागाहून येईल.